घुमटातला जानेवारी

(दृश्य: रात्र. काळोख्या शेतांमधून येणारी गाडी. समोर आतून उजळलेला पांढरा फुगवटा.)

आयर्लंडचा पश्चिम भाग. मेयो काउंटीतलं बेकन गाव. गावाबाहेर, शेतांच्या मधोमध, गेलिक फुटबॉल या हातापायांनी खेळायच्या आयरिश खेळासाठी हा घुमट उभा होता. 150 मीटर लांब, 100 मीटर रुंद, मध्यावर 26 मीटर उंच. आठ मजली इमारत सहज मावेल एवढा, आणि आत खांब म्हणून एकही नाही.

नागपूरकरांना मेयो हे नाव ओळखीचं. तिथल्या मेयो हॉस्पिटलला ज्या व्हाइसरॉयचं नाव मिळालं, त्या लॉर्ड मेयोची सरदारकी याच काउंटीच्या नावाची. आणि हा प्रांत कॉनॉट. दिल्लीच्या कॉनॉट प्लेसमधला कॉनॉट तो हाच. असो.

(दृश्य: पावसाचं पाणी साचलेलं उघडं मैदान.)

काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. कॉनॉटमध्ये अशा पाच काउंटी आहेत: मेयो, गॉलवे, रॉसकॉमन, स्लायगो आणि लीट्रिम. गेलिक फुटबॉलचा खरा मोसम जानेवारीअखेर राष्ट्रीय लीगने सुरू होतो. त्याआधी, सणासुदीची सुस्ती अंगातून गेलेली नसते तेव्हा, हे पाच संघ आपसात एक छोटी स्पर्धा खेळतात. एफबीडी लीग. एफबीडी ही शेतकऱ्यांनी सुरू केलेली विमा कंपनी, तिचंच नाव स्पर्धेला. रणजीच्या आधी बुची बाबू स्पर्धा असते ना, तसाच हा प्रकार. हरलं तर कुणी रडत नाही. पण संघात कोण बसणार, ते इथे कळायला लागतं.

अडचण एकच, जानेवारी. अटलांटिकवरून येणारा पाऊस, रात्रीचं दव गोठून टणक झालेली जमीन. पाहुणा संघ निघायच्या तयारीत असायचा आणि निरोप यायचा, मैदान खेळण्यालायक नाही.

(दृश्य: घुमटाचं दार. एक माणूस आत येतो, टोपी सावरतो.)

जत्रेत पोरांना उड्या मारायला हवा भरलेला मिकी माउस असतो. तत्त्व तेच. मोठे पंखे अखंड हवा आत ढकलत राहतात. आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त, तेवढ्यावर हे सगळं कापड ताठ उभं. दार मात्र साधं चालत नाही. सताड उघडं राहिलं तर हवा निसटणार. आत येताना कान किंचित दडपतात, घाटातून गाडी उतरताना दडपतात तसे. मग अचानक वारा थांबतो, पाऊस थांबतो, आणि समोर पूर्ण मापाचं हिरवंगार कृत्रिम गवताचं मैदान.

2020 सालच्या अखेरीस हा घुमट तयार झाला. खर्च सुमारे 31 लाख युरो. खेळासाठीचा असा जगातला सर्वांत मोठा घुमट म्हणून त्याचा गाजावाजा झाला. कोविडमुळे 2021 ची स्पर्धा झालीच नाही. जानेवारी 2022 मध्ये मेयो आणि गॉलवे, जुने शेजारी आणि जुने वैरी, इथे छपराखाली भिडले.

(दृश्य: सामना. हिरवी-तांबडी जर्सी, मरून जर्सी. कॅमेरा एका पायावर.)

या पायाकडे बघा. चेंडू हातात घेऊन चार पावलांपेक्षा जास्त पळायची मुभा नाही. मग तो जमिनीवर टप्पा देऊन परत घ्यायचा, नाहीतर पायाच्या बोटांनी हलकेच उडवून पुन्हा हातात. याला सोलो म्हणतात. पळता पळता, प्रतिस्पर्धी खांद्याला खांदा लावत असताना. हात, पाय, नजर, तिन्ही एका वेळी.

गोलपोस्ट इंग्रजी एच अक्षरासारखे. तेव्हाच्या नियमाने आडव्या दांड्यावरून गेला तर एक पॉइंट, खालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन पॉइंट. पांढरा डगला घातलेला अंपायर, जुन्या दवाखान्यातल्या कंपाउंडरसारखा, पॉइंटला पांढरा झेंडा उचलतो आणि गोलला हिरवा. घुमटात वारा नसल्यामुळे झेंडा फडकत नाही, नुसता वर जातो आणि लोंबतो. उंच किक बसली की सगळ्यांच्या माना चेंडूबरोबर छताकडे.

आणि आवाज. बाहेर प्रशिक्षकाचं ओरडणं वाऱ्यावर जातं. इथे किकचा प्रत्येक ठोका छतावरून परत येतो.

(दृश्य: बदली खेळाडू वॉर्मअप करताना. पाठीवरचे आकडे.)

मैदानात एका संघाचे 15 जण. या जर्सींवरचे आकडे पाहा, 15 च्या पुढचे. पोरं नवी आहेत. यातल्या कुणालाही खेळायचे पैसे मिळत नाहीत. कुणी शिक्षक, कुणी विद्यार्थी, कुणाची घरची शेती. दिवसभर काम करून संध्याकाळी गाडी हाकत आलेले. काउंटीची जर्सी अंगावर चढण्याची पहिली संधी बहुतेकांना अशाच एखाद्या जानेवारीत मिळते. सराव सामन्यातही घाम तेवढाच गाळावा लागतो, मान्य. पण तिथे झेंडा उचलायला पांढरा डगला नसतो, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात नाव येत नाही.

(दृश्य: बाकांवर बसलेले प्रेक्षक, मांडीवर थर्मास.)

आत सहाएकशे लोकांची सोय. डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये, या खेळाच्या सर्वांत मोठ्या स्टेडियममध्ये, 82 हजार बसतात. पण इथे घामाचा वाससुद्धा येतो.

2025 साठी देशभरच्या या मोसमपूर्व स्पर्धा रद्द झाल्या. कारण सांगितलं गेलं ते वेळापत्रकाचं. 2022 पासून काउंटीचा सगळा मोसम जानेवारी ते जुलैत कोंबलेला, त्यात कॉलेजचे सामने, आणि पोरांच्या गुडघ्यांवर पडणारा ताण. कारण खोटं नाही.

(दृश्य: 24 जानेवारी 2025. मोबाइलवर घेतलेली वाऱ्याची क्षणचित्रं. मग वरून घेतलेलं दृश्य.)

एओविन वादळ. गॉलवेच्या किनाऱ्यावर मेस हेडला ताशी 183 किलोमीटर वेगाचा झोत नोंदवला गेला, आयर्लंडमधला आजवरचा विक्रम. सात लाखांहून जास्त घरं आणि दुकानं अंधारात गेली.

घुमट कोसळला.

(दृश्य: शेतात पसरलेलं पांढरं कापड. काही वेळ निवेदन नाही.)

त्या जानेवारीत एफबीडी लीग नव्हतीच. त्यामुळे तिचा एकही सामना दुसरीकडे हलवावा लागला नाही.