धडामचं धप्प

श्रोतेहो, नमस्कार.

ध्वनीपेक्षा वेगवान विमान फक्त ती वेगमर्यादा ओलांडताना एकदाच धडाम करतं, असं बरेच जण धरून चालतात. तसं नसतं. विमान त्या वेगात आहे तोवर धमाका त्याच्यामागून जमिनीवर सरकतच राहतो आणि वाटेतल्या प्रत्येक वस्तीला आपापल्या वेळी ऐकू येतो. म्हणूनच तर अमेरिकेनं १९७३ मध्ये जमिनीवरून अशा नागरी उड्डाणांना बंदी घातली आणि काँकॉर्ड या ध्वनीपेक्षा वेगवान प्रवासी विमानाला आपला वेग समुद्रावर राखून ठेवावा लागला.

विमानाचं नाक, समोरची काच, पंख, इंजिनाचं तोंड, शेपूट, प्रत्येकापासून दाबाची एकेक आघातलाट निघते. जोरदार लाट जरा जास्त वेगानं पळते, पुढचीला गाठते, तिच्यात मिसळते. खाली पोचेपर्यंत दोनच उरतात, एक पुढची, एक मागची. म्हणून ठोकेही दोन.

गंमत अशी की काँकॉर्डच्या धमाक्यात हवेचा दाब जेमतेम हजारावा हिस्सा वाढायचा. दोन-तीन मजले जिना उतरलात तरी तेवढा फरक पडतो! पण तोच फरक सेकंदाच्या काही हजाराव्या भागात पडला, की खिडक्या थरथरतात. तेव्हा खरी लढाई दाबाशी नाही, त्याच्या अचानकपणाशी आहे.

त्यावरचा उपाय कागदावर जुना आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या सीबास आणि जॉर्ज यांनी तो मांडला होता: विमानाला आकारच असा द्या, की लाटा एकमेकींना गाठणार नाहीत. प्रत्यक्षात ते सिद्ध व्हायला २००३ उजाडलं. एफ-५ लढाऊ विमानाला फुगीर नाक बसवून उडवलं आणि जमिनीवरच्या मापकांवर धमाक्याचं टोक चपटं झालेलं दिसलं.

नासाचं एक्स-५९ त्याच्या पुढचं पाऊल. लांबी तीस मीटर, पंखांचा पसारा जेमतेम नऊ, आणि एक तृतीयांश लांबी नुसत्या नाकाची. इंजिन पाठीवर, म्हणजे त्याच्या लाटा वरच्या वर जाव्यात. समोर काचच नाही. वैमानिक कॅमेऱ्याचं चित्र पडद्यावर बघून उडवतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यानं पहिलं उड्डाण केलं. काँकॉर्डचा धमाका सुमारे १०५ डेसिबलचा मानला जातो. इथं लक्ष्य ७५ चं आहे, म्हणजे लांबवर गाडीचं दार आपटल्यासारखा आवाज.

माझी शंका वेगळीच आहे. हे विमान एकट्या वैमानिकाचं. प्रवासी भरले की वजन वाढणार, वजन पेलायचं तर हवेवर दाबही जास्त द्यावा लागणार, आणि त्या दाबाच्या लाटा शेवटी खालीच येणार.