लक्षात ठेवा : ८६०

श्रोतेहो, नमस्कार.

विजेचं बिल नेहमीपेक्षा जास्त आलं की घरातल्या एखाद्या उपकरणावर आळ येतोच. बहुधा तो येतो ज्याच्या पाटीवर वॅटचा आकडा सगळ्यांत मोठा, त्याच्यावर. आज मी त्या बिचाऱ्याचं वकीलपत्र घेणार आहे. जवळ कागद-पेन्सिल असेल तर एकच आकडा लिहून ठेवा : ८६०.

वॅट म्हणजे खर्च नव्हे, खर्चाचा वेग. बिल लागतं ते युनिटवर. हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट, म्हणजेच एक किलोवॅट-तास. जूल या ऊर्जेच्या शास्त्रीय मापात सांगायचं तर ३६ लाख जूल. पण इतक्या मोठ्या आकड्यानं काही अंदाज येत नाही. तेच किलोकॅलरीत मांडलं तर साधारण ८६० होतात, आणि किलोकॅलरी कळायला सोपी आहे : एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसनं तापवायला लागते तेवढी उष्णता.

आता गिझरचा हिशेब बघा. १५ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचंय. पंधरा गुणिले पंचवीस, ३७५ किलोकॅलरी. भागिले ८६०. उत्तर आलं ०.४४, म्हणजे अर्ध्या युनिटलाही थोडं कमीच. गिझर दोन हजार वॅटचा असेल तर याला तेरा मिनिटं लागतील, तीन हजारांचा असेल तर नऊच्या आत. पण युनिट दोन्हीकडे तेवढेच! मोठ्या वॅटचा गिझर जास्त वीज खातो हा समज इथंच निकालात निघतो. वीज जाते ती पाणी किती लिटर आणि किती अंश, यावर. आणि तापवून ठेवलेलं पाणी तासन्‌तास टाकीत निवत राहिलं, थर्मोस्टॅट ते पुन्हापुन्हा तापवत राहिला, तर त्यावर. वापरून झाल्यावर बटण बंद करण्यात खरी बचत आहे.

जाता जाता, आहाराच्या तक्त्यात जिला नुसती कॅलरी म्हणतात ती हीच किलोकॅलरी. दिवसाला दोन हजार कॅलरी खाणारा माणूस सव्वादोन-अडीच युनिटांवर अख्खा दिवस काढतो.

काम आणि उष्णता एकाच मापानं मोजता येतात, हे जेम्स जूल या इंग्लिश शास्त्रज्ञानं १८४० च्या दशकात प्रयोगानं दाखवलं. वजनं खाली सोडायची, त्यांच्या ओढीनं भांड्यातल्या पाण्यात वल्ही फिरवायची आणि पाणी किती तापलं ते मोजायचं. तापमानात फरक पडायचा तो अंशाच्या जेमतेम एका अंशभागाचा, आणि तोही थर्मामीटरवर डोळ्यांनी वाचायचा! बिलावरचं युनिट आणि तक्त्यातली कॅलरी एकमेकांत बदलता येतात, त्यामागे ही चिकाटी आहे.

एसीची भाषा मात्र वेगळी. तिथं बीटीयू, म्हणजे उष्णतेचं ब्रिटिश माप, आणि टन. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू. दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, त्यावरून हे माप आलं. एका युनिटात ३,४१२ बीटीयू, तेव्हा एक टनाचा एसी तासाला साडेतीन युनिटांइतकी उष्णता खोलीबाहेर टाकतो. ऐकून दचकू नका, तो वीज साडेतीन युनिट घेत नाही. एसी उष्णता निर्माण करत नाही, नुसती इकडची तिकडे करतो, म्हणून त्याचं साधारण युनिटभर विजेत भागतं. हीटरला ही सवलत नाही. तो एक युनिट घेतो, एक युनिट उष्णता देतो, बस्स.

सिलिंडरच्या गॅसचंही युनिट करता येतं. किलोभर एलपीजी जळला की सुमारे ४६ मेगाजूल उष्णता मिळते. मेगाजूल म्हणजे दहा लाख जूल, तेव्हा एक युनिट ३.६ मेगाजूलचं. ३.६ नं भागा, पावणेतेरा युनिट होतात. एका किलोच्या दामाला पावणेतेरानं भागलंत की गॅस आणि वीज शेजारी-शेजारी ठेवून बघता येतील. फक्त बर्नरची बरीच आच भांड्याच्या कडेनं निसटते, ती घट धरायला विसरू नका.

फ्रिजच्या बाबतीत पाटीवर विसंबू नका, कारण कॉम्प्रेसर चालतो, थांबतो, पुन्हा चालतो. पाटीवरचे वॅट चोवीस तासांनी गुणलेत तर खर्च भलताच फुगलेला दिसेल. उलट, बंद वाटणारी उपकरणं चोरून खातात. पाच वॅट सतत, म्हणजे वर्षाला जवळपास ४४ युनिट.

पाटीपेक्षा मीटर खरा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार ते शेजारीच छापलेलं असतं. समजा ३,२०० छापलंय. घरातलं बाकी सगळं बंद करा, एकच उपकरण चालू ठेवा आणि तीन मिनिटं मोजा. चाळीस वेळा लुकलुकला? मग ते उपकरण २५० वॅट घेतंय. फ्रिजसाठी तीन मिनिटं पुरायची नाहीत. घर दिवसभर रिकामं असेल तेव्हा बाकीची बटणं बंद करा, आणि सकाळ-संध्याकाळचं रीडिंग लिहून ठेवा.