अनुदान पडलं त्या दिवशी

अतिवृष्टीचं अनुदान खात्यात पडू लागलं की जालना, परभणी, हिंगोलीकडच्या गावांत व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर एक फाईल फिरते. नाव कधी ‘पीएम किसान यादी’, कधी ‘केवायसी अपडेट’, तर लग्नसराईत चक्क पत्रिका. शेवटी टिंब एपीके, म्हणजे फोनमध्ये थेट ॲप टाकणारी फाईल. शेतकऱ्यानं ती फोनमध्ये घेतली आणि एसएमएस वाचायची परवानगी दिली, की ओटीपी परस्पर चोराकडे जातो. शेतकऱ्यानं तो कुणालाच सांगितलेला नसतो. तरी ठाण्यात त्याला ऐकावं लागतं, “तूच सांगितला असशील.”

असा माणूस आधी तलाठ्याकडे येतो, नाहीतर ठाणे अंमलदाराकडे. त्याला अर्ज लिहायला बसवू नका. त्याचा फोन फ्लाइट मोडवर टाका, वायफायही बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. खातं कोणतं, रक्कम किती, पैसे किती वाजता कटले आणि व्यवहाराचा क्रमांक, एवढं हाताशी हवं. यूपीआयचा हा क्रमांक 12 अंकी असतो आणि बँकेच्या एसएमएसमध्ये ‘रेफ’ म्हणून येतो. लोक नेमका शिल्लक रकमेचा स्क्रीनशॉट आणतात. त्याचा इथं काही उपयोग नाही. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला ती दिसते. तिथं शिल्लक असेल तेवढी रक्कम ती अडवते, पुढं सरकली असेल तर पुढच्या बँकेला कळवते. साखळीतली ही खाती बहुतेक भाड्यानं घेतलेली. एकदा एटीएममधून नोटा निघाल्या की अडवायला काही उरत नाही.

हद्दीचा वाद मात्र आता घालू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठंही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. खरी अडचण वेगळीच आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 78 नुसार गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारीच करतो. आपल्याकडची कितीतरी ग्रामीण ठाणी सहायक निरीक्षकांवर चालतात. कागद वर जाईपर्यंत घरातला पोरगा घाबरून फोन रीसेट करून मोकळा होतो आणि त्यासोबत ती एपीकेही जाते. रीसेट करू नको, हे पहिल्याच भेटीत सांगा. नंतर पुरावा कोर्टात न्यायचा तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं: दोन भाग, त्यात हॅश मूल्य, म्हणजे फाईलचा डिजिटल ठसा.

आता आपल्या घरातलं, म्हणजे कार्यालयातलं. डिजिटल सहीचं डोंगल ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये आणि पिन मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर! अनुदानाच्या याद्या भरायच्या दिवसांत कामाचा रेटा असतो, मान्य. साहेबांची बदली होते, लॉगिन मात्र सुरूच राहतं. कार्यमुक्तीच्या कागदांत चाव्या आणि दप्तराची नोंद करता, तशी डोंगल परत घेतल्याची, आयडी बंद केल्याची तारखेसह नोंद घ्या. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या निर्देशांनुसार शासकीय यंत्रणांनाही 180 दिवसांचे लॉग, म्हणजे संगणकातल्या कामाच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, जपावे लागतात. यादीत बोगस नाव निघालं, तर त्या लॉगमध्ये ऑपरेटरचं नाव नसतं, सही ज्याची त्याचं असतं.