सात वेढ्यांचं कोडं

नमस्कार श्रोतेहो. हाताशी कागद आणि पेन्सिल असेल तर जवळ घेऊन बसा. बोलता बोलता तुमच्याकडून एक आकृती काढून घ्यायची आहे.

मडगावहून केपेमार्गे रिवणला गेलात की पुढे उसगाळीमळ लागतं. तिथे कुशावती नदीच्या काठावर जांभ्या दगडाचा सपाट सडा आहे. पावसाळ्यात नदी फुगते, सडा पाण्याखाली जातो आणि पाणी ओसरलं की वर गाळ राहतो. या सड्यावर शंभराहून अधिक चित्रं कोरलेली आहेत. वशिंडाचे बैल आहेत, गवे आहेत, हरणं आहेत, मोर आहे, माणसंही आहेत. गावच्या लोकांना ती ठाऊकच होती, गुराख्यांनी वेळ घालवायला केलेली असतील असं मानलं जाई. पुरातत्त्ववाल्यांना ती गावकऱ्यांनीच दाखवली, 1993 सालच्या मे महिन्यात.

मी तिथे गेलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. भर दुपारी हा कातळ एकसारखा तांबूस काळा दिसतो, चित्र पायाखाली असलं तरी कळत नाही. ऊन तिरपं झालं की प्रत्येक खाचेत सावली भरते आणि एकेक बैल उठून उभा राहतो. त्या बैलांच्या संगतीत एक गोल आहे, वेढ्यात वेढा असलेला. आपण त्याला चक्रव्यूह म्हणतो. खाचेत माझं बोट आरामात बसलं.

आता याच जातीची आकृती जगात कुठे कुठे सापडते ते बघा.

ग्रीसमध्ये पायलॉस नावाच्या ठिकाणी एक राजवाडा होता. इसवी सन पूर्व 1200 च्या सुमारास तो जळाला. त्या आगीत कचेरीतल्या मातीच्या कच्च्या पाट्या भाजून पक्क्या झाल्या, म्हणून टिकल्या. त्यातल्या एका पाटीवर कुणी शेळ्या दिल्या त्याचा हिशेब आहे. ती उलटली की मागे हा चक्रव्यूह, चौकोनी काढलेला. कुणीतरी कारकून शेळ्या मोजून कंटाळला असावा आणि त्याने पाठीमागे रेघा ओढल्या असाव्यात. मला या पाटीचं फार अप्रूप आहे. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या माणसाचा रिकामा क्षण आपल्याला मिळतो, तोही घराला आग लागली म्हणून.

क्रीट बेटावरच्या नॉसस शहराने हीच आकृती नाण्यांवर पाडली. इटलीत पॉम्पेई शहर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं, तिथल्या एका खांबावर कुणी ती ओरखडून ठेवली आणि शेजारी लिहिलं, 'चक्रव्यूह. इथे मिनोटॉर राहतो.' मिनोटॉर म्हणजे ग्रीक कथेत क्रीटच्या चक्रव्यूहात कोंडलेला, बैलाच्या डोक्याचा राक्षस. स्पेनच्या गॅलिसियात ती समुद्राजवळच्या खडकावर आहे. बाल्टिक समुद्राच्या काठाने तर दगड मांडून माणसाला चालता येतील असे शेकडो चक्रव्यूह आहेत. दर्यात जाण्याआधी कोळी लोक त्यातून चालत, वाईट वारा आत अडकून राहावा म्हणून, असं तिकडचे जुने लोक सांगत. अमेरिकेत ॲरिझोनाचे ओओधाम लोक हीच आकृती टोपल्यांत विणतात, दाराशी एक माणूस उभा करून. आणि आपल्याकडे कर्नाटकात हळेबीडच्या देवळात, बाराव्या शतकात, अभिमन्यू आत शिरतो तो चक्रव्यूह याच घाटाचा कोरला आहे.

हे असं कसं झालं? लोक पटकन परग्रहवासीयांना बोलावतात. मला ते मुळीच आवडत नाही. रिवणच्या कातळावर कुणाचे तरी गुडघे टेकले होते, हात दुखले होते. ते श्रेय त्या माणसाकडून काढून आकाशातल्या कुणाला का द्यायचं?

आता पेन्सिल उचला. कागदाच्या मधोमध अधिकचं चिन्ह काढा. त्याच्या चार बाजूंना चार रिकाम्या जागा होतात, त्या प्रत्येकीत एकेक काटकोन काढा, काटकोनाचा कोपरा अधिकच्या मध्याकडे ठेवून. मग प्रत्येक काटकोनाच्या कुशीत एक ठिपका द्या. झालं बी तयार. आता अधिकचं वरचं टोक उजवीकडच्या पहिल्या टोकाला छोट्या कमानीने जोडा. मग डावीकडचं पहिलं मोकळं टोक, आधीच्या कमानीवरून नेऊन, उजवीकडच्या पुढच्या मोकळ्या टोकाला जोडा. ठिपका हेही एक टोकच धरायचं. अशा आठ कमानी झाल्या की सात वाटांचा चक्रव्यूह पुरा.

माझी आजी तुळशीपुढे सारवलेल्या अंगणात ठिपक्यांची रांगोळी घालायची. मोठमोठ्या गुंतवळी, पण एकही ठिपका चुकायचा नाही. मी एकदा विचारलं, "आजी, हे तू कुठं शिकलीस गो?" ती म्हणाली, "शिकायचं काय त्यात? बघून येतं." माझ्या मते या कोड्याचं अर्धं उत्तर त्या वाक्यात आहे. पुरा चक्रव्यूह लक्षात ठेवणं कठीण, पण एक अधिक, चार काटकोन, चार ठिपके एवढं पोरसुद्धा ध्यानात ठेवतं. व्यापारी, खलाशी, सैनिक, लग्न होऊन दूर गेलेल्या मुली, कुणीही ते डोक्यात घेऊन जाऊ शकतं. अमेरिकेत ते स्पॅनिश लोकांबरोबर पोचलं असावं असं काही अभ्यासक म्हणतात.

राहिलेल्या अर्ध्याचं काय करायचं? आपल्या कातळाचं वयच घ्या. कुणी ही चित्रं मध्याश्मयुगातली, म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच्या दगडी हत्यारांच्या काळातली म्हणतं, कुणी बरीच अलीकडची. भांडण मिटत नाही, कारण कोरलेल्या खाचेत कोळसा नसतो, हाड नसतं, लाकूड नसतं, मग कार्बनची पद्धत लावणार कशाला? दगडाचं वय काढलं तर ते दगडाचं निघतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कातळशिल्पांनाही हीच अडचण आहे. त्यांच्यासोबत आपला हा सडाही 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे.

आणि अर्थाचं काय? तुम्ही आत्ता काढलेल्या आकृतीत बोट फिरवून बघा. आत शिरताच तुम्ही तिसऱ्या वाटेवर येता, मग दुसऱ्या, मग पार बाहेरच्या पहिल्या. तिथून चौथी आणि एकदम सातवी. मध्य इतका जवळ की पोचलोच असं वाटतं, तर ती वाट तुम्हाला पुन्हा सहावीवर, पाचवीवर बाहेर ढकलते आणि मग आत घेते. कुठे फाटा फुटत नाही. हरवायची सोयच नाही. मग बाहेर पडता न आलेल्या अभिमन्यूसाठी शिल्पकारांनी हीच आकृती का निवडली? मला अजून उमगलेलं नाही.

पाऊस ओसरला की रिवणला जा. चपला काठावर काढा, खाचांत खडू भरू नका, खाच झिजते. ऊन तिरपं होईपर्यंत थांबा आणि दाराकडून बोट ठेवा. पहिलं वळण डावीकडे लागतं की उजवीकडे, ते मात्र मी सांगत नाही.

नमस्कार.