विरजणाचं वय

नमस्कार श्रोतेहो. सांगलीतला एप्रिल. रात्री लावलेलं विरजण पहाटेच लागतं आणि सकाळी झाकण काढावं तर दह्याला पाणी सुटलेलं, चव आंबटढाण. दूध नेहमीच्याच म्हशीचं, हातही नेहमीचाच. फरक पडतो तो उबेचा, आणि चमचाभर विरजणातल्या जिवाणूंच्या वयाचा. आज या वयाबद्दलच बोलायचं आहे.

नव्या दुधात पडलेले जिवाणू लगेच वाढत नाहीत, आधी जुळवाजुळव करतात. मग एकाचे दोन, दोनाचे चार. ई. कोलाय हा जिवाणू प्रयोगशाळेत उत्तम खाद्य मिळालं तर 20 मिनिटांत दुप्पट होतो. तसाच वाढत राहिला तर 10 तासांत एकाचे 100 कोटींवर जातील. पण खाद्य संपतं आणि वाढ थांबते. दह्यातले जिवाणू तर स्वतःच केलेल्या आम्लाने अडतात. सामू, म्हणजे आंबटपणाचं माप (जितकं कमी तितकं आंबट), 4.6 च्या आसपास आला की दूध घट्ट लागतं. त्यात आधी जोर असतो गोल कॉकस जिवाणूंचा. आंबटपणा चढला की काडीसारखे लॅक्टोबॅसिलस तग धरतात. म्हणून अदमुऱ्या दह्याचा चमचा आणि तीन दिवसांच्या आंबट दह्याचा चमचा, ही दोन वेगळी विरजणं आहेत.

वाढ थांबली म्हणजे सगळं निपचित झालं असं मात्र नाही, आणि मला सगळ्यात नवल वाटतं ते इथेच. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ई. कोलायच्या एका दिवसाच्या कल्चरमध्ये, म्हणजे नळीत खाद्य देऊन वाढवलेल्या जिवाणूंमध्ये, दहा दिवसांच्या कल्चरमधले थोडेसे जिवाणू सोडले. त्या मूठभर जुन्यांनी नव्यांना मागे सारून सगळी नळी व्यापली. उपासमारीत टिकायला मदत करणारे जनुकीय बदल त्यांच्यात झालेले होते.

वर्गात मी ग्रॅम रंजनासाठी, म्हणजे जिवाणू रंगवून जांभळे की गुलाबी यावरून त्यांचा गट ओळखण्यासाठी, 18 ते 24 तासांचंच कल्चर घ्यायला सांगत असे. एका विद्यार्थिनीने तीन दिवसांची नळी घेतली. जांभळे दिसायला हवेत ते जिवाणू गुलाबी दिसले आणि तिने वहीत चुकीचा गट लिहिला. तिचं रंगवणं बिनचूक होतं. जुन्या पेशींच्या भिंती कमजोर होतात, रंग धरून ठेवत नाहीत.

तेव्हा उद्या दही लागल्या लागल्या, आंबायच्या आत, चमचाभर स्वच्छ वाटीत काढून फ्रीजमध्ये ठेवा. रात्रीचं विरजण त्यातलं लावा.