बारावीनंतर बीएस्सी बायोलॉजी : "मग पुढं काय?" विचारणाऱ्या सगळ्यांसाठी

नमस्कार मंडळी!

नीटचा निकाल लागला की लातूरच्या ट्यूशन एरियातल्या खोल्या रिकाम्या व्हायला लागतात. गाठोडी बांधून लेकरं गावाकडं परततात आणि दारातच प्रश्न येतो, "मग आता काय करायलास?" लेकरू हळूच म्हणतं, "बीएस्सीला नाव टाकतोय." त्यावर मामा म्हणतात, "असू दे, घरी बसण्यापेक्षा बरं."

आजचा व्हिडिओ या मामांसाठी आहे. आणि मनातल्या मनात मामांसारखाच विचार करणाऱ्या भाच्यासाठीही.

मामांचं अर्धं बरोबर आहे. नुसत्या बीएस्सीच्या कागदावर कुणी नोकरी देत नाही. पण ज्याला मायक्रोस्कोपखाली काय दिसतंय ते ओळखता येतं, त्याला आपल्या मराठवाड्यातच काम आहे. कसं ते रेशमावरून सांगतो.

बीड, जालना, परभणी, कुठंही जा, तुतीची शेती दिसेल; तिचा पाला रेशमाच्या अळ्यांना घालतात. जालन्यात तर रेशीम कोषांची बाजारपेठ आहे. आता या धंद्याचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे पेब्रिन, रेशमाच्या अळ्यांना होणारा रोग. हा रोग आईकडून अंड्यात उतरतो. म्हणजे शेतकऱ्यानं आणलेले अंडीपुंजच रोगट असतील तर पुढं कितीही चांगला पाला घाला, बॅच गेलीच. मग करायचं काय? अळीचा पुढं पतंग होतो; त्यातल्या मादीनं अंडी दिली की तिला खलात घ्यायचं, पोटॅशियम कार्बोनेटचं पातळ द्रावण टाकून कुटायचं, एक थेंब काचेवर घ्यायचा आणि बघायचं. पेब्रिनचे लंबगोल, चकचकीत बीजाणू दिसले की त्या मादीची सगळी अंडी नष्ट करायची. बास! ही पद्धत लुई पाश्चरची. १८६५ साली फ्रान्समधला रेशीम धंदा बुडायला आला होता, तेव्हा सरकारनं त्यांना तिकडं पाठवलं, आणि त्याच कामातून ही तपासणी आली. आजही तपासणीचं मूळ तेच आहे.

झूलॉजीच्या मुलाला हे अवघड आहे का? अजिबात नाही. फक्त तो बीजाणू आणि पतंगाच्या अंगातला इतर कचरा यातला फरक डोळ्यात बसायला हवा. तो पुस्तकातल्या आकृतीवरून बसत नाही, काचा बघून बघूनच बसतो.

याच धंद्यात चॉकी सेंटर, म्हणजे लहान अळ्या वाढवून शेतकऱ्यांना देणारं केंद्र, हाही एक मार्ग आहे. अळ्या दुसऱ्यांदा कात टाकेपर्यंत फार नाजूक असतात, त्यांना २७-२८ अंश तापमान आणि भरपूर दमट हवा लागते. आता आपल्याकडं एप्रिल-मे म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहितीय. म्हणून बरेच शेतकरी अळ्या लहानपणी स्वतः वाढवत नाहीत, चॉकीवाल्याकडून आणतात. हे काम शिकलेल्या माणसाचं आहे.

बियाण्यांचंही थोडक्यात सांगतो. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि जालन्याभोवती बियाण्यांचा मोठा उद्योग उभा राहिला. तिथं उगवणशक्ती तपासणारे, शुद्धता बघणारे, टिश्यू कल्चर (लॅबमध्ये ऊतींपासून रोपं वाढवणं) आणि डीएनए तपासणी करणारे लोक लागतात. पण खरं सांगायचं तर शेतावरच्या कामाला कंपन्या आधी बीएस्सी ॲग्रीवाल्यांना घेतात. बॉटनी, मायक्रोबायोलॉजी, बायोटेकवाल्यांची जागा लॅबमध्ये. आणि हो, परभणीच्या कृषी विद्यापीठाची बीएस्सी ॲग्री ही वेगळी पदवी आहे, तिला सीईटी लागते. दरवर्षी कुणीतरी दोन्हींत गल्लत करतंच.

आता ज्यांना संशोधनात जायचंय त्यांनी कान देऊन ऐका.

बीएस्सीनंतर आयआयटीत एमएस्सी करायची तर जॅम परीक्षा. बायोटेकच्या अनेक विद्यापीठांतल्या एमएस्सीसाठी गॅट-बी ही प्रवेश परीक्षा. पुढं पीएचडीसाठी सीएसआयआर नेट ही परीक्षा. तिच्यातून जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये फेलोशिप, वर घरभाडं. म्हणजे शिकताना घरून पैसे मागायची वेळ येत नाही. मामांना हा आकडा जरूर सांगा.

पण आपली मुलं अडकतात कुठं, माहितीय? बायोलॉजीत नाही, गणितात. दहावीनंतर "मला डॉक्टर व्हायचंय" म्हणून गणित सोडलेलं असतं. आणि जॅमच्या बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरात बारावीच्या पातळीचं गणित, फिजिक्स, केमिस्ट्री असतं. गॅट-बीच्या पहिल्या भागातही तेच. बायोलॉजी तोंडपाठ असलेली पोरं लॉगॅरिदम बघून पेन खाली ठेवतात. त्यामुळं फर्स्ट इयरलाच अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं कुणाकडून तरी मागून घ्या. रोज अर्धा तास. संभाव्यता आणि आलेख आधी करा, ते पुढं संशोधनातही लागतात.

दुसरं, भारतातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. निवड झाली तर दोन महिने एखाद्या नामांकित संस्थेत शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करायला मिळतं. अर्ज मात्र उन्हाळ्याच्या कितीतरी महिने आधीच निघतात, आणि आपल्याकडच्या कॉलेजांत ते कुणी फळ्यावर लिहीत नाही. स्वतःच लक्ष ठेवा.

ज्यांना फिरायची आवड आहे, त्यांच्यासाठी पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, आहे. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे; हिवाळ्यात परदेशी पाहुणे येतात, नशीब असेल तर रोहित (फ्लेमिंगो) पक्षीही दिसतात. तारीख, जागा, जात, संख्या अशी वही ठेवा. एमएस्सीच्या मुलाखतीला वर्षभराची अशी वही घेऊन जाणारा मुलगा लक्षात राहतो.

शेवटचं, कॉलेज कसं निवडायचं. संभाजीनगरचं विद्यापीठ १९५८ चं, नांदेडचं १९९४ चं, आणि दोघांची मिळून कॉलेजं गावोगाव आहेत. त्यामुळं विद्यापीठाच्या नावावरून काही ठरत नाही. प्रवेशाआधी तिथल्या सेकंड इयरच्या पोरांना गाठा आणि विचारा: एका मायक्रोस्कोपवर किती जण बसता? स्लाइड स्वतः बनवता का सरांनी बनवलेली बघता? प्रॅक्टिकल वर्षभर होतात का परीक्षेच्या आदल्या आठवड्यात? चौथं वर्ष, म्हणजे ऑनर्स, इथंच आहे का? नव्या शैक्षणिक धोरणात ते करता येतं आणि मग एमएस्सी एका वर्षात होते, पण प्रत्येक कॉलेजात ते नसतं. ही उत्तरं माहितीपत्रकात सापडणार नाहीत, कँटीनमध्ये सापडतील.

तुमचा जिल्हा आणि तुम्ही घेतलेले विषय कमेंटमध्ये लिहा. पुढचा व्हिडिओ जॅमच्या गणितावर करतोय, कुठून सुरुवात करायची ते त्यात धड्यांसकट सांगतो.