बदकांचं घर आणि वर्षअखेरचा आठवडा

सरकारी उधळपट्टीचा विषय निघाला की डोळ्यांसमोर गाड्यांचे ताफे आणि बंगले येतात. मी मात्र सुरुवात एका बिलापासून करणार आहे.

२००९ साली ब्रिटिश खासदारांची खर्चाची बिलं वर्तमानपत्राच्या हाती लागली. त्यांत सर पीटर व्हिगर्स यांनी लावलेलं एक बिल होतं : तळ्यातल्या बदकांसाठी तरंगतं घर, १,६४५ पौंड. ते मंजूर झालं नव्हतं, तरी लोक खवळले आणि त्यांना पुढची निवडणूक सोडावी लागली.

मला त्या बदकांपेक्षा नियम जास्त अस्वस्थ करतो. खासदारांना दुसऱ्या घरासाठी भत्ता होता आणि २००८ पर्यंत २५० पौंडांच्या आतल्या खर्चाला पावतीच लागत नसे. नियम ठरवणारे खासदार, पैसे घेणारे खासदार, आणि बिलं तपासणारं कार्यालय त्यांच्याच सभागृहाच्या हाताखालचं. 'आम्ही नियमातच होतो' असं कित्येकांनी सांगितलं, आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत ते खरंही होतं! २०१० पासून हे काम एका स्वतंत्र संस्थेकडे गेलं. आता ती बिलं तपासते आणि जाहीरही करते.

भत्त्यांची रक्कम एकूण अंदाजपत्रकात दर्या में खसखस, असं काही जण मला सुनावतात. बरोबर आहे. पण लोकांना पोट आवळायला सांगणाऱ्याच्या ताटात काय वाढलंय, याकडे लोकांचं लक्ष असणारच, आणि असायलाच हवं.

मोठा पैसा मात्र गाजावाजा न होता जातो. कुठल्याही खात्यात वर्षाचा शेवटचा आठवडा पाहा. निधी शिल्लक आहे. तो परत गेला तर पुढच्या वर्षीची तरतूद कापली जाणार, कारण 'तुम्हाला लागला नाही' असंच वरचे म्हणणार. मग घाईघाईने निविदा निघतात, रात्री उशिरापर्यंत सह्या होतात, आणि नव्या संगणकांची खोकी न उघडताच गोदामात रचली जातात. इथे कुणी चोर नाही. काटकसर करणाऱ्याला शिक्षा आणि खर्च करणाऱ्याला बक्षीस, अशीच ही रचना आहे. बदकांच्या घराची किंमत कुणालाही कळते, त्या खोक्यांबद्दल मात्र कुणी विचारत नाही.

अमेरिकेत जेफ्री लीबमन आणि नील महोनी या अर्थतज्ज्ञांनी केंद्र सरकारची खरेदी तपासली. आर्थिक वर्षाच्या शेवटच्या आठवड्यातला खर्च एरवीच्या आठवड्याच्या जवळजवळ पाचपट निघाला, आणि त्या घाईत घेतलेले माहिती तंत्रज्ञानाचे प्रकल्प दर्जात कमी पडले. न्याय खात्याला मात्र उरलेला निधी अशा प्रकल्पांसाठी पुढच्या वर्षी वापरायची मुभा होती. त्यांच्या या खरेदीत शेवटच्या आठवड्याची ती उसळी अगदी किरकोळ होती.